कोल्ड स्टोरेजमधला २६ नंबरचा चॅनल मार्चमध्येच का रुसतो?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. इंदूरला सांवेर रोडवरच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान आणि आर्द्रता मोजणारे ३८ नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेल्या छोट्या पेट्या, बसवले आहेत. रेडिओ ८०२.१५.४ चे (कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या रेडिओंचं मानक), २.४ गिगाहर्ट्झवर. प्रत्येक नोड मिनिटाला एक पॅकेट पाठवतो. जानेवारीत चेंबर रिकामे असताना सगळे चॅनल तपासले, २६ सगळ्यांत स्वच्छ निघाला, पुस्तकंही तेच सांगतात, म्हणून तोच कायम केला. तेव्हा शंभरातली नव्याण्णव पॅकेट येत होती. मार्च लागला आणि मागच्या भिंतीकडचे सहा-सात नोड साठ टक्क्यांवर घसरले; संध्याकाळी त्याहूनही खाली. विचारणा अशी की विश्वासार्ह चॅनल आपोआप निवडणारा अल्गोरिदम कुठला घ्यावा.

अल्गोरिदमकडे येतो, पण लगेच नाही. तुमच्या वर्णनात दोन वेगळी दुखणी एकात एक मिसळली आहेत आणि चॅनल बदलून त्यातलं एकच बरं होणार आहे.

पहिलं दुखणं म्हणजे बटाटाच. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर त्यात एक-दोन सेंटीमीटर जाते न जाते तोच तिचा जोर ओसरतो. जानेवारीत तुम्ही रिकाम्या लाकडी माळ्यांमधून सर्वेक्षण केलंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच माळ्यांवर छतापर्यंत बटाट्याचे कट्टे, म्हणजे पोती, चढले. म्हणजे तुम्ही एक इमारत मोजली आणि नोड दुसऱ्याच इमारतीत चालवताय. हे नुकसान ११ ते २६ या सोळाही चॅनलांना जवळजवळ सारखंच होतं. इथे कुठलाही अल्गोरिदम डोकं चालवू शकत नाही, कारण निवडायलाच काही नाही.

दुसरं दुखणं संध्याकाळचं. ते खरोखर चॅनलचं आहे.

ही दोन वेगळी कशी करायची? माझ्याकडे काही वर्षांपूर्वी असंच एक काम होतं, देवासच्या बाजूला, असंच बटाट्याचं. महिनाभर आम्ही वायफायला शिव्या देत होतो. मग रंगपंचमी आली. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी इंदुरात कोण कामावर येतं? ऑफिस बंद, राउटर चालू पण त्याला काम नाही, हम्माल नाहीत, ट्रक नाहीत, कोणाच्या खिशात फोन नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या चोवीस तासांचा लॉग उघडला. ऑफिसच्या बाजूच्या चेंबरमधले नोड एकदम सुधारले होते. मागच्या कोपऱ्यातले चार मात्र तसेच्या तसे, बासष्ट-त्रेसष्ट टक्क्यांवर. त्या चार नोडना वायफायशी काही देणंघेणं नव्हतं. ते कट्ट्यांमागे गाडले गेले होते. आम्ही ते काढून माळ्याच्या वर, छत आणि कट्टे यांच्यामध्ये हवेसाठी जी फट सोडतात तिथे टांगले, सेन्सर तेवढा वायरने खाली सोडला. संपलं. तुमच्याकडेही सुट्टीच्या दिवसाचा लॉग असेलच. अल्गोरिदम शोधण्याआधी तो बघा.

आता चॅनल २६. त्याची शिफारस कुठून आली ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर ती मंत्रासारखी पाठ होते. वायफाय साधारणपणे १, ६ आणि ११ या चॅनलांवर असतं, मध्य २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झ, रुंदी वीस-बावीस. आपले चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर, प्रत्येकी दोन रुंद, ११ नंबर २४०५ वर तर २६ नंबर २४८० वर. हे दोन नकाशे एकावर एक ठेवले की १५, २०, २५ आणि २६ हे चार फटींमध्ये पडतात. हिशोब बरोबर आहे, पण तो जिथे वायफाय ११ वर थांबतं तिथला. आपल्याकडे राउटरला १२ आणि १३ सुद्धा मोकळे असतात. १३ चा मध्य २४७२, म्हणजे तो साधारण २४६१ ते २४८३ व्यापतो. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि आजूबाजूची गर्दी बघून त्याने १३ धरला, तर तुमचा २५ आणि २६ दोन्ही त्याच्या पोटात.

शिवाय ब्लूटूथ. ब्लूटूथ लो एनर्जीची उपकरणं ‘मी इथे आहे’ हे सांगायला तीन ठरावीक जागा वापरतात: २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वायफाय टाळण्यासाठीच त्या निवडल्या आहेत, आणि आपणही वायफाय टाळतोय, तेव्हा दोघं एकाच फटीत शिरणार हे उघड आहे. २४८० म्हणजे तुमचा २६ तंतोतंत, आणि २४२६ म्हणजे १५ ची कड. संध्याकाळी माल उतरवायला पंचवीस माणसं येतात, निम्म्यांच्या कानात इअरबड, मनगटावर पट्टे. ही पॅकेट छोटी असतात, एकटीने फार नुकसान करत नाहीत. पण तुमचा आधीच कट्ट्यांनी मलूल झालेला सिग्नल असेल तर तेवढंही पुरतं. आणखी एक गोष्ट: २६ हा पट्ट्याच्या कडेला असल्यामुळे काही रेडिओ मॉड्यूल त्यावर प्रक्षेपणाची ताकद आपणहून कमी करतात, काहींमध्ये तर तो चॅनल नसतोच. तुमच्या मॉड्यूलची डेटाशीट उघडून ती तळटीप वाचा.

मग जानेवारीच्या तपासणीत २६ इतका स्वच्छ का दिसला? तपासणीची पद्धतच तशी होती म्हणून. एनर्जी स्कॅनमध्ये, म्हणजे चॅनलवर किती गोंगाट आहे ते नुसतं ऐकण्यात, रेडिओ एका वेळी आठ सिंबॉल, म्हणजे १२८ मायक्रोसेकंद ऐकतो आणि आकडा देतो. रिकामा बसलेला राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन, म्हणजे आपण असल्याचा छोटा संदेश, टाकतो, तो असतो मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांचा. तुमचा कान त्या दोन टक्के वेळात नेमका लागेल याची काय खात्री? आणि लागलाच, तर त्या आकड्यांची सरासरी काढल्यावर तो विरघळून जातो. स्कॅन करायचाच तर सरासरी टाकून द्या. ठरावीक पातळी घ्या, उदाहरणार्थ उणे ७७ डीबीएम (जुन्या सीसी२४२० या रेडिओ चिपमध्ये ‘चॅनल मोकळा आहे का’ ठरवायची मुळातली मर्यादा हीच होती), आणि किती टक्के वेळा तिच्या वर गेलं ते मोजा. तेही सकाळी अकराला, संध्याकाळी सातला आणि रात्री दोनला, वेगवेगळं.

सिग्नलची ताकद बघून चॅनल निवडू नका, हेही इथेच सांगतो. आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची ताकद) असो वा एलक्यूआय (दुव्याचा दर्जा), हे आकडे पोहोचलेल्या पॅकेटांचेच असतात. वर्गात हजेरी घेताना समोर बसलेल्यांनाच विचारायचं की कोणी गैरहजर आहे का, आणि सगळे ‘मी आहे’ म्हणाले म्हणून पूर्ण हजेरी लावायची, त्यातला प्रकार. मोजायचं ते एकच: किती पाठवली आणि कितींची पोच (पॅकेट मिळालं असं समोरून येणारं उत्तर) आली. अ‍ॅकला मी पोच म्हणतो, टपालातली. शब्द जुना आहे पण अर्थ तोच.

मात्र पोच मोजण्यालाही किंमत आहे. शंभर पॅकेट पाठवली आणि नव्वद पोहोचली, तर खरा आकडा चौऱ्याऐंशी ते शहाण्णवमध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे ९२ वाला चॅनल ८८ वाल्यापेक्षा चांगला, असं शंभर पॅकेटांवरून म्हणता येत नाही. पाच टक्क्यांच्या आत नेम हवा तर, मधल्या दर्जाच्या दुव्यासाठी, चारशेच्या आसपास लागतात. सोळा चॅनल, ३८ नोड. आणि तोवर संध्याकाळ होऊन परिस्थिती बदललेली. नुसतं ऐकणंही फुकट नाही. सीसी२४२० सारखा रेडिओ ऐकताना १८.८ मिलिअँपिअर खातो, पाठवण्यापेक्षा जास्त. सोळा चॅनल एकेक सेकंद, दर पाच मिनिटांनी, असा स्कॅन नोडवर लावलात तर दिवसाला २४ मिलिअँपिअर-तास त्यातच जातील. २५०० च्या सेलची जोडी साडेतीन महिन्यांत खलास, आणि तीही खोलीच्या तापमानाला. तीन अंशांच्या चेंबरमध्ये अल्कलाइन सेल आधीच हात आखडता घेतो.

म्हणून मी ‘सर्वोत्तम चॅनल शोधा’ हा खेळच खेळत नाही. चॅनल चांगला किंवा वाईट असा नसतो. अमुक नोड ते अमुक नोड, अमुक वेळी, असा तो असतो. लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. तुमच्या चेंबरच्या भिंती पफ पॅनेलच्या, दोन्ही बाजूंना पत्रा, म्हणजे आपण धातूच्या डब्यात बसून बोलतोय. भिंतींवरून परतलेल्या लहरी एखाद्या जागी एकमेकींना मारून टाकतात. अँटेना चार बोटं सरकवली की तिथेच सिग्नल उसळतो. ही मेलेली जागा चॅनलागणिक बदलते. नोड १४ ला चॅनल २० मेलेला असेल तेव्हा शेजारच्या नोड १५ ला तो उत्तम असू शकतो. सगळ्या ३८ नोडना एकच चॅनल म्हणजे सगळ्या बारशाला एकाच मापाचं झबलं.

तुमची अडचण नेमकी कुठे आहे हे एका हिशोबात दिसतं. समजा एका प्रयत्नात पॅकेट पोहोचायची शक्यता ७० टक्के. पहिला प्रयत्न आणि तीन पुनर्प्रयत्न, असे चार मिळून चारही फसण्याची शक्यता ०.३ चा चौथा घात, म्हणजे ०.००८१. म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त पोहोचायला हवीत! मग तुमची साठ का? कारण हा गुणाकार तेव्हाच खरा असतो जेव्हा प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र असतात. तुमचे चारही प्रयत्न त्याच चॅनलवर, काही मिलिसेकंदांत उरकतात. ज्या कारणाने पहिला मेला ते कारण चौथ्या वेळी तिथेच उभं असतं. दार बंद आहे म्हणून त्याच दारावर चार थापा मारल्या, इतकाच त्याचा अर्थ. कँटीनमधला मायक्रोवेव्ह घ्या: आपल्या ५० हर्ट्झवर तो साधारण दहा मिलिसेकंद ओकतो आणि दहा मिलिसेकंद गप्प असतो. सगळ्यांत लांब पॅकेटही सव्वाचार मिलिसेकंदांचं, म्हणजे गप्प असण्याच्या वेळात आरामात बसतं. पण घाईघाईने केलेले पुनर्प्रयत्न सगळे त्या ओकण्यातच सापडू शकतात.

पुनर्प्रयत्न वेळेत लांब करा आणि चॅनलात वेगळे करा, माझं उत्तर मुळात एवढंच आहे. तापमान एका सेकंदाने उशिरा कळलं म्हणून बटाटा सडत नाही.

हे करण्याची तयार सोय म्हणजे टीएससीएच, वेळेचे खण पाडून चॅनल फिरवत राहण्याची पद्धत. ८०२.१५.४ मध्ये ती २०१२ च्या ‘ई’ दुरुस्तीने आली. कारखान्यांसाठीच्या वायरलेसहार्ट या मानकात हीच कल्पना त्याआधीपासून आहे. ते ११ ते २५ असे पंधरा चॅनल फिरवतात आणि २६ ला हातच लावत नाहीत. वेळेचे दहा-दहा मिलिसेकंदांचे खण पाडलेले असतात, सुरुवातीपासून किती खण झाले याचा एक आकडा सगळ्यांकडे सारखा असतो, त्यात एक ठरावीक ऑफसेट मिळवायचा, चॅनलांच्या संख्येने भागायचं, बाकी उरेल तो यादीतला चॅनल. काँटिकी-एनजी या अशा नोडांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मुळातच दिलेली यादी चारची आहे: १५, २५, २६, २०. सुरुवातीला ती वापरा. तुमच्या राउटरने १३ धरलेला दिसला तर २५-२६ च्या जागी जे मोकळे असतील ते घाला.

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण तुम्हीही नेमकं तेच कराल. पहिल्यांदा हे लावलं तेव्हा मी खणांचं चक्र, ज्यात प्रत्येक नोडचा खण एकदा येतो, शंभराचं ठेवलं. दहा मिलिसेकंद गुणिले शंभर, बरोबर एक सेकंद, किती सुबक! यादी चार चॅनलांची. आठवडाभर बघतोय, तर काही नोड झकास आणि काही तितकेच वाईट, सुधारणा शून्य. मग एके रात्री वहीत मांडून बघितलं. शंभरला चारने भागलं की बाकी शून्य. म्हणजे नोडचा खण दर चक्रात पुन्हा त्याच चॅनलवर येत होता. चॅनल फिरत होते, पण प्रत्येक नोडच्या वाट्याला जन्मभर एकच. चौथीतला भागाकार! चक्र १०१ चं केलं, बाकी एक उरायला लागली, आणि प्रत्येक पुनर्प्रयत्न एका सेकंदाने पुढच्या चॅनलवर जायला लागला. सगळीकडे १०१ हा विचित्र आकडा का दिसतो हे तेव्हा कळलं. ती मूळ संख्या आहे, चार, पंधरा, सोळा कशानेच तिला भाग जात नाही.

घड्याळांकडे लक्ष ठेवावं लागेल. दोन नोडच्या क्रिस्टलमध्ये ४० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत चाळीसचा, फरक असेल तर पंचवीस सेकंदांत एक मिलिसेकंदाची चूक साठते, आणि ऐकण्याची खिडकी दोन्ही बाजूंना जेमतेम तेवढीच असते. तुमची पॅकेट मिनिटाला एक, म्हणून मधल्या वेळात वेळ जुळवणारं छोटं पॅकेट जाऊ द्या. चेंबर तीन अंशांवर आणि सगळ्यांची पॅकेट गोळा करणारा गेटवे मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या ओट्यावर, हाही फरक त्यात धरा.

यादीतून वाईट चॅनल काढून टाकायचा का? काढा, पण सावकाश. प्रत्येक नोडने प्रत्येक चॅनलसाठी पाठवली किती आणि पोच किती हे दोन आकडे ठेवावेत आणि तासाला एकदा आपल्या नेहमीच्याच पॅकेटमधून वर पाठवावेत. वेगळी चाचणी पॅकेट लागत नाहीत; चॅनल फिरतायत म्हणून रोजची पॅकेटच चाचणी होतात. निर्णय गेटवेने घ्यावा. माझा रिवाज: दोन-तीन तास सलग ५० टक्क्यांखाली राहिला तर बाहेर, आणि परत घेताना दिवसभराने, थोड्या पॅकेटांवर ८० च्या वर दिसला तरच. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची पातळी एकच ठेवलीत तर चॅनल दारातच आत-बाहेर करत बसतो. आणि यादी तीनच्या खाली जाऊ देऊ नका.

तुमच्या फर्मवेअरमध्ये टीएससीएच बसत नसेल आणि झिगबीसारखं सगळ्यांनी एकाच चॅनलवर राहायचं असेल, तर पुनर्प्रयत्नांमध्ये निदान अर्धा सेकंद थांबा. हा बदल दहा ओळींचा आहे आणि बऱ्याचदा पुरतो. चॅनल बदलायची वेळ आलीच तर ‘आत्ता बदला’ असा हुकूम सोडू नका. तो हुकूमही त्याच खराब चॅनलवरून जाणार आहे. निम्मे ऐकतात आणि निघून जातात, उरलेले जुन्या चॅनलवर अनाथ. ‘वीस मिनिटांनी अमुक वाजता’ असं दहा-बारा वेळा सांगा, आणि नोडला शिकवून ठेवा की इतकी मिनिटं गेटवेचा आवाज आला नाही तर ठरलेल्या एका चॅनलवर जाऊन थांबायचं. हे न केल्यामुळे मी एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालून, शिडी घेऊन चेंबरमध्ये नोड रीसेट करत फिरलोय. बाहेर हम्माल हसत होते.

८६५ मेगाहर्ट्झचं विचाराल, म्हणून लिहितो. आपल्याकडे तो पट्टा विनापरवाना आहे, लहर पस्तीस सेंटीमीटरची असल्याने कट्ट्यांच्या आडून थोडी बरी वळते, आणि मिनिटाला एक आकडा पाठवायला वेग पुरतो. या पट्ट्यावर चालणाऱ्या लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओच्या भारतीय आराखड्यात मुळात तीनच चॅनल ठरलेले आहेत: ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. नवं काम असतं तर मी कदाचित तिकडे गेलो असतो. पण ३८ नोड लागलेले असताना ते उपटणं मला पटत नाही.

या आठवड्यात करायचं ते स्वस्त आहे. गेटवेच्या पेटीत बघा: रेडिओचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी, बाजूला हार्डडिस्क, असं असेल तर यूएसबी ३ स्वतःच २.४ गिगाहर्ट्झभर गोंगाट करतं. मीटरभर एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल बाहेर टांगा. मग मुनीमजींना भेटून ऑफिसचा राउटर ऑटोवरून काढून चॅनल १ वर, वीस मेगाहर्ट्झ रुंदीवर बांधून टाका. हे त्यांच्या समोर करा आणि राउटरवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पुढच्या वेळी इंटरनेटवाला मुलगा येऊन तो पुन्हा ऑटोवर टाकेल. मागच्या भिंतीचे सात नोड कट्ट्यांच्या वर घ्या. नंतर दर तासाचे, दर चॅनलचे पाठवले-पोच हे आकडे आठ दिवस जमू द्या, मध्ये एखादा रविवार येईल असं बघा, आणि ते इथे टाका. त्यावरून यादीत कुठले चार ठेवायचे ते सांगतो.